पोलादाच्या पोटात डोकावणारा सॉर्बी

नायटल

गेली अठरा वर्षं मी भोसरीतल्या एका मेटलर्जी लॅबमध्ये काम करते. "नायटल हा कसला आयडी?" असं या फोरमवर दोन-तीनदा विचारून झालंय, म्हणून आधी ते सांगते. अल्कोहोलमध्ये दोन टक्के नायट्रिक आम्ल मिसळलं की नायटल होतं. आमच्या टेबलावर सगळ्यात लवकर रिकामी होणारी बाटली तीच. पोलादाचा घासूनपुसून आरसा केलेला तुकडा त्यात पाच-सात सेकंद धरला की चकाकी मंदावते, आणि भिंगाखाली त्या तुकड्याचं सगळं पोट उघडं पडतं. कण, कणांच्या सीमा, पट्टे, सुया.

ही रीत ज्याने बसवली त्या माणसावर लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी. आमच्या अभ्यासक्रमात त्याचं नाव एका ओळीत येऊन गेलं होतं. त्याची किंमत मला नोकरीला लागल्यावर कळली.

सॉर्बीचा जन्म १० मे १८२६ चा, इंग्लंडमधल्या शेफील्डजवळच्या ॲटरक्लिफचा. शेफील्ड म्हणजे सुऱ्या, कात्र्या, वस्तरे, पटाशा यांचं गाव. घराणंही हत्यारं बनवणाऱ्यांचंच. १८४७ साली वडील गेले आणि बेताची पण पुरेशी मिळकत त्याच्या हाती आली. विद्यापीठात तो गेला नाही, कुठे नोकरी केली नाही, लग्नही केलं नाही. आईबरोबर राहायचा, घरातच प्रयोगशाळा थाटलेली. आई १८७४ साली गेली. त्यानंतर त्याने 'ग्लिम्प्स' नावाची एक नौका घेतली आणि उन्हाळ्यातले महिने तो तिच्यावर काढू लागला. खाड्यांमधला गाळ, समुद्री जीव, पाण्याचे प्रवाह असं काय काय तपासत असायचा.

धातूंकडे तो दगडांच्या वाटेने आला. दगड कागदाहून पातळ घासून त्यातून उजेड आरपार जाईल असा काप करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे त्याने १८४९ पासून सुरू केलं होतं. त्यातून तो उल्कांकडे वळला. आकाशातून पडलेल्या लोखंडी उल्कांचा काप आम्लाने खाल्ला की त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी दिसते, हे व्हिएन्नात विडमनस्टेटनने १८०८ साली पाहिलं होतं. ती जाळी बघताना सॉर्बीच्या मनात आलं की आपल्या गावातल्या पोलादात काय असेल? १८६३ साली त्याने शेफील्डचंच लोखंड आणि पोलाद घासायला घेतलं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. सॉर्बीची गोष्ट सांगताना सगळे सूक्ष्मदर्शकाची गोष्ट सांगतात. पण भिंगं तेव्हा शेकडो लोकांकडे होती. त्याच्याकडे होता तो हात. त्याचा शोध लागला तो घासण्यात.

धातू घासणं म्हणजे काय ते लांबून कळत नाही. लोखंड आपल्याला कठीण वाटतं, पण कानशीखाली किंवा एमरीखाली (घासायची कठीण दगडी पूड) त्याचा वरचा पापुद्रा लोण्यासारखा पसरतो. चकचकीत दिसतं, आरशासारखं दिसतं, आणि ते सगळं खोटं असतं. खरी रचना त्या पसरलेल्या थराखाली गाडलेली असते. सॉर्बीने क्रमाक्रमाने बारीक होत जाणारे एमरी कागद वापरले, मग बारीक दगड, मग पाण्यात कालवलेली लोहभस्माची लाल पूड, ज्याला रूज म्हणतात. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचे ओरखडे आणि पसरलेला थर काढून टाकायचा आणि नवा थर कमीत कमी पसरेल असं बघायचं. मग अगदी पातळ नायट्रिक आम्लाने उरलासुरला पापुद्रा खाऊन टाकायचा. जिथे कण सुरू होतो, संपतो, जिथे कठीण आणि मऊ शेजारी आहेत, तिथे आम्ल कमीजास्त खातं. या कमीजास्त खाण्यातूनच चित्र उमटतं.

हे मी कुठे शिकले ते सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष. एका कारखान्यातून तुटलेल्या पिना आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, हार्डनेस बरोबर येतोय, हीट ट्रीटमेंट बरोबर आहे, मग पिना तुटतात कशा? मी सॅम्पल कापलं, धरायला सोपं जावं म्हणून बेकेलाइट नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये बसवलं, घाईघाईत पॉलिश केलं, नायटल लावलं. सगळीकडे एकसारखी करडी रचना. "काही दोष नाही" असं लिहून माझ्या सरांपुढे नेलं. त्यांनी सॅम्पल उजेडात तिरकं धरलं आणि इतकंच म्हणाले, "कडा गोल झालीय. परत."

परत घासलं. परत. तिसऱ्या वेळी मी ओरखड्यांची दिशा बघत, कागद बदलताना हात धुऊन, कडेवर जोर न देता घासलं. नायटल लावलं आणि भिंगाखाली कडेला एक पांढरी किनार उभी राहिली. शुद्ध लोखंडाच्या कणांची, साधारण तीन दशांश मिलिमीटर जाड. भट्टीत हवा लागून पिनेच्या सालीतला कार्बन उडून गेला होता. आतलं पोलाद कणखर, साल मऊ. आणि हार्डनेस घेणारा माणूस नीट टेकावं म्हणून आधी ती जागा ग्राइंडरवर सपाट करत होता, म्हणजे दोष असलेली सालच सोलून टाकत होता. त्यामुळे आकडा नेहमी बरोबर.

त्या पांढऱ्या किनारीकडे बघताना मला पहिल्यांदा सॉर्बी कळला. आधीच्या दोन सॅम्पलांतही ती किनार होतीच. माझ्या हाताने ती पुसून टाकली होती.

गारगोटी

वा, नायटल. मी भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे सॉर्बी आमचाही आहे. आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली खडक बघण्याच्या शास्त्राचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात.

दगडाचे काप करायला तो विल्यम क्रॉफर्ड विल्यमसनकडून शिकला. मँचेस्टरचा हा डॉक्टर जीवाश्म झालेली लाकडं, दात, हाडं यांचे पातळ काप करायचा. दोघांची ओळख रेल्वेच्या प्रवासात झाली म्हणतात. सॉर्बीने तीच युक्ती साध्या दगडांना लावली. लोकांनी त्याची चेष्टा केली. डोंगर कधी भिंगातून बघायचे असतात का, असा तो सूर होता, आणि त्यासाठी आल्प्सचा थोर अभ्यासक सोस्यूर याचा दाखला दिला जायचा.

माझ्या वर्गात मुलं पहिल्यांदा आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा काप बघतात तेव्हाचा क्षण मला फार आवडतो. बाहेरून सगळा दगड एकसारखा काळा, घाटात जिथे हात लावाल तिथे तोच. तो ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासून ध्रुवित प्रकाशात धरला की फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या-करड्या काड्या इकडे तिकडे विखुरलेल्या दिसतात आणि त्यांच्या मधे पायरॉक्सीन या दुसऱ्या खनिजाचे रंगीत कण. एक मुलगी म्हणाली होती, "सर, हा आपलाच दगड आहे ना?" काड्या किती मोठ्या झाल्यात त्यावरून लाव्हा भराभर थिजला की सावकाश, हे सांगता येतं.

सॉर्बीचा १८५८ चा निबंध तर विलक्षण आहे. स्फटिकांच्या आत अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब आणि त्या थेंबात एक बुडबुडा. स्फटिक गरम झाला तेव्हा द्रव पूर्ण भरलेला असणार, थंड होताना आकसला म्हणून बुडबुडा झाला. मग परत तापवायचं आणि बुडबुडा कधी नाहीसा होतो ते बघायचं, म्हणजे स्फटिक किती तापमानाला घडला त्याचा अंदाज येतो. ही पद्धत आजही वापरात आहे. घासण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. काप करताना शेवटच्या काही क्षणांत सगळा दगड निघून जातो आणि हातात नुसती काच उरते, हे प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं.

सांडशी

ताई, लेख वाचून आजोबांची आठवण आली. आमचे आजोबा लोहार. सातारा जिल्ह्यात ऊसतोडीचे कोयते, विळे, खुरपी करायचे. भाता मी ओढायचो. कोयता लाल झाला की घण, मग परत भट्टी, आणि शेवटी "पाणी पाजायचं". धार तेवढी पाण्यात, मागचा भाग बाहेर. मग बाहेर काढून ती जागा दगडावर जरा घासायचे आणि तिच्यावर रंग चढताना बघत बसायचे. आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा. त्यांना पाहिजे तो रंग आला की लगेच परत पाण्यात. रंग पुढे गेला तर कोयता परत भट्टीत.

मला नेहमी वाटायचं, त्या अर्ध्या मिनिटात लोखंडात काय होत असेल? आजोबांना विचारलं तर म्हणायचे, "पाणी मुरतं."

नायटल

सांडशी, तुमच्या आजोबांनी जे केलं तेच आम्ही भट्टीला थर्मोकपल लावून करतो.

धगधगत्या पोलादात कार्बन साखरेसारखा विरघळलेला असतो. सावकाश थंड केलं तर तो बाहेर पडतो आणि लोखंडाशी जुळून एक अतिशय कठीण संयुग करतो, त्याला सिमेंटाइट म्हणतात. पाणी पाजलं की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो जागच्या जागी कोंडला जातो आणि सगळी रचना ताणली जाते. भिंगाखाली सुयांचा गुंता दिसतो. याला मार्टेन्साइट म्हणतात. फार कठीण, पण काचेसारखं तडकणारं. मग आजोबा रंग बघत थांबायचे तेव्हा मागच्या गरम भागातली ऊब धारेकडे सरकायची आणि कोंडलेला कार्बन थोडा थोडा मोकळा व्हायचा. कठीणपणा थोडा कमी, चिवटपणा जास्त. गवती पिवळा रंग साधारण २३० अंश सेल्सियसला येतो, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० ला. वरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी वाढत जाते तसा रंग बदलतो. आजोबांच्या डोळ्यातच तापमापक होता.

"पाणी मुरतं" हे मला फार आवडलं. मुरतो तो कार्बन.

जुनापुराणा

लेख चांगला आहे, पण सॉर्बीला आद्य म्हणताना थोडं थांबायला हवं. रॉबर्ट हूकने १६६५ सालीच सुईचं टोक, वस्तऱ्याची धार आणि गारेवर पोलाद आपटून उडालेल्या ठिणग्या भिंगाखाली बघून त्यांची चित्रं छापली. फ्रान्समध्ये रेओम्यूरने १७२२ मध्ये पोलादाचं तुटलेलं अंग बारकाईने तपासून त्यात कण असतात असं लिहिलं. रशियात झ्लातोउस्तच्या कारखान्यात पावेल अनोसोव्हने १८३१ साली पोलादाला आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाने पाहिलं. तो आपल्याकडच्या उक्कू पोलादासारखं, ज्याला युरोपात 'वुट्झ' म्हणत, ते करायच्या मागे होता. सॉर्बीच्या ३२ वर्षं आधी. मग पहिला कोण?

नायटल

जुनापुराणा, मुद्दा योग्य आहे. अनोसोव्हचं नाव मी मूळ लेखात घ्यायला हवं होतं, चुकलंच.

हूक आणि रेओम्यूर यांच्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. हूकने वस्तूचा बाहेरचा आकार पाहिला. धार किती खडबडीत असते हे त्याने दाखवलं, पोलाद आतून कसं असतं ते नाही. रेओम्यूरने तुटलेलं अंग पाहिलं. शेफील्डमध्येही पोलादाची प्रत तशीच ठरायची. कांब मोडायची आणि मोडलेल्या जागेची चमक, दाणा बघून जाणता माणूस सांगायचा, हे वस्तऱ्याला, हे कानशीला. पण तुटलेलं अंग म्हणजे तडा ज्या वाटेने गेला ती वाट. तडा कमजोर वाटच शोधतो. त्यावरून आतल्या रचनेचा पत्ता लागतोच असं नाही.

अनोसोव्ह आम्ल लावून बघत होता ती पात्याच्या पृष्ठावरची नक्षी, नागमोडी पाण्यासारखी दिसणारी. ती नक्षी मुळात डोळ्यांनीही दिसते. सॉर्बीने साध्या, नक्षी नसलेल्या, डोळ्यांना सपाट करड्या दिसणाऱ्या पोलादाचा आडवा-उभा काप घेतला, आणि एकाच गावातले वेगवेगळ्या जातीचे नमुने एकाच रीतीने तयार करून शेजारी शेजारी ठेवले. कोळशाच्या भुकटीत भाजून केलेलं फोड आलेलं पोलाद, मुशीत वितळवलेलं, ओतीव लोखंड, घडीव लोखंड, बेसेमरच्या नव्या रीतीने केलेलं पोलाद. सगळ्यांत तेच चार-पाच घटक वेगवेगळ्या प्रमाणात. हे त्याच्या आधी कोणी दाखवलं नव्हतं.

आणखी एक अडचण होती, तीही सांगते. दगडाच्या कापातून उजेड आरपार जातो, धातूतून जात नाही. उजेड वरून टाकावा लागतो आणि वर तर भिंग टेकलेलं. सॉर्बीने आधी बाजूने तिरका उजेड टाकला, मग भिंगाच्या तोंडाशी अर्ध्या भागात एक छोटा आरसा बसवून घेतला, म्हणजे उजेड सरळ खाली जाऊन सरळ वर परतेल. एकच जागा दोन्ही उजेडात बघायची. एकात जे काळं ते दुसऱ्यात चमकतं. तिरक्या उजेडात उजळलं म्हणजे तिथे उतार किंवा खड्डा आहे. आजच्या मेटलर्जिकल मायक्रोस्कोपमध्ये उजेड भिंगातूनच खाली जातो, त्याचं मूळ यात आहे.

जुनापुराणा

पटलं. उक्कूबद्दल एक ओळ घालतो, कारण इथल्या अनेकांना रस असेल. दख्खनच्या तेलंगण भागात, कोनसमुद्रमसारख्या गावांत हे पोलाद मुशीत बनायचं, कार्बन साधारण दीड टक्के. पात्यावरची ती नक्षी म्हणजे सिमेंटाइटच्या कणांच्या रांगा. १८२० च्या सुमारास मायकल फॅरेडेने लंडनमध्ये याच वुट्झचं कोडं सोडवायचा प्रयत्न केला, मिश्रणं करून पाहिली, पण उत्तर काही हाती आलं नाही. फॅरेडेकडे रसायनशास्त्र होतं, सॉर्बीचा काप नव्हता.

शिरोलीकर

आमची फाउंड्री लाइन. घासण्याचं जे लिहिलंय ते फ्रेम करून आमच्या लॅबमध्ये लावणार आहे. एसजी आयर्न म्हणजे एक चिवट ओतीव लोखंड, त्यात ग्रॅफाइटचे गोळे असतात, ते किती गोल आहेत यावर कास्टिंग पास की फेल ठरतं. नवीन पोरगा जोर लावून पॉलिश करतो, गोळे उपटून निघतात, खड्डे राहतात, आणि खड्ड्यांच्या कडा बघून तो रिपोर्ट लिहितो. किंवा मऊ लोखंड गोळ्यावर पसरून गोळा अर्धा झाकतो. माल चांगला असून रिजेक्ट झालेला मी पाहिलाय, आणि उलटंही.

बाराखडी

मला धातूंमधलं काही कळत नाही, पण एक प्रश्न. १८६३-६४ ला एवढं सगळं दिसलं तर त्याचा उपयोग लगेच का नाही झाला?

नायटल

बाराखडी, हा भाग मला सगळ्यात जास्त लागतो.

१८६४ साली त्याने शेफील्डच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळात हे मांडलं. पोलादाचे तुकडे आम्लाने खोल खाऊन, त्यांनाच शाई लावून थेट कागदावर ठसे घेतले होते, म्हणजे पोलादाने स्वतःच आपलं चित्र छापलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाथ इथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने सूक्ष्मदर्शकातून घेतलेले फोटो दाखवले. फोटो शेफील्डच्याच चार्ल्स हूल नावाच्या छायाचित्रकाराने काढले होते. विचार करा, १८६४. लोकांनी पाहिलं, वाखाणलं आणि घरी गेले.

कारखानदाराला वाटत होतं की आमच्या माणसाची नजर पुरेशी आहे. रसायनतज्ज्ञाला वाटत होतं, किती टक्के कार्बन ते कळलं की झालं. एकाच टक्क्याचं पोलाद सावकाश थंड केलं तर एक आणि पाणी पाजलं तर दुसरंच होतं, ही गोष्ट प्रत्येक लोहाराला माहीत होती, पण ती रचनेत असते हे कोणी मनावर घेतलं नाही. सॉर्बीही दुसरीकडे वळला. सूक्ष्मदर्शकाला वर्णपटदर्शक जोडून रक्ताचे डाग, पानांचे रंग तपासण्यात त्याची पुढची वर्षं गेली.

त्याने पुढे स्वतःच म्हटलंय, की त्या काळात एखादा रेल्वे अपघात झाला असता आणि तो रूळ उखडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासा असं मी सुचवलं असतं, तर मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायच्या लायकीचा ठरवलं असतं.

वीस वर्षं गेली. दरम्यान जर्मनीत आडोल्फ मार्टेन्सने १८७८ साली स्वतंत्रपणे हेच काम सुरू केलं, फ्रान्समध्ये ऑसमाँड पुढे आला. मग सॉर्बीने आपले जुने, काचेवर चिकटवून जपलेले नमुने परत बाहेर काढले. या वेळी त्याने ६५० पट मोठं दाखवणारं भिंग लावलं.

आधीच्या वेळी त्याला पोलादात एक घटक दिसला होता, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा, मोत्यासारखा रंग खेळवणारा. त्याला तो 'मोतिया घटक' म्हणायचा. मोठ्या भिंगाखाली तो उलगडला. एकाआड एक पदर. मऊ लोखंडाचा एक, कठीण सिमेंटाइटचा एक, परत मऊ, परत कठीण. चिरोट्याचे पदर असतात ना, अगदी तसे, फक्त चिरोट्याचा एक पदर म्हणजे त्यातले शेकडो. पदर इतके पातळ आणि इतके नेमाने लागलेले की उजेड त्यांवर पडून फाटतो आणि मोत्याचे रंग दिसतात. हे त्याने १८८६ आणि १८८७ साली आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटपुढे मांडलं. अमेरिकेच्या हेन्री हाउने त्या घटकाला 'पर्लाइट' नाव दिलं. मोत्यावरून.

१८८७ च्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे. लाटून, ठोकून लांबट झालेले लोखंडाचे कण तापवल्यावर नव्याने जन्मतात, परत सगळ्या बाजूंनी सारखे होतात. आज आपण याला पुनःस्फटिकीभवन म्हणतो आणि पत्र्याचा, तारेचा प्रत्येक कारखाना त्यावर चालतो.

लोकलवाला

मी रुळांच्या तपासणीत काम करतो, म्हणून राहवलं नाही. आपल्या रुळांच्या पोलादात कार्बन साधारण ०.६ ते ०.८ टक्के, रचना जवळपास पूर्ण पर्लाइट. म्हणजे रोज सकाळी ज्या रुळांवरून लोकल जाते ते सॉर्बीच्या मोतिया घटकाचेच. पदर जितके बारीक तितका रूळ कमी झिजतो. रूळ तुटला की आता पहिल्यांदा तो तुकडा कापून लॅबला जातो. ज्याला वेडा ठरवलं असतं म्हणाला, ते आमचं रोजचं काम आहे.

षड्ज

लोकलवाल्यांच्या पुढे एक. तंबोऱ्याची पोलादी तारही पर्लाइटच असते ना? आमच्या ओळखीच्या तार बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं.

नायटल

हो. तार ओढताना ते पदर तारेच्या दिशेने लांबतात आणि एकमेकांच्या आणखी जवळ येतात, म्हणून इतकी बारीक तार एवढा ताण सोसते. जोडीच्या तारा लावाल तेव्हा आठवण ठेवा.

मोकळीहवा

एक वेगळा मुद्दा. हे सगळं करायला वडिलोपार्जित मिळकत लागली. पोटाची चिंता नसलेल्या माणसाला बुडबुड्यांकडे आणि मोत्यांकडे बघत बसायला वेळ असतो. लोहाराच्या मुलाच्या हातात तेच कौशल्य होतं, कदाचित जास्तच. पण त्याच्याकडे भिंग नव्हतं आणि उसंतही नव्हती. हे म्हटल्याशिवाय सॉर्बीचं कौतुक अपुरं राहतं.

नायटल

पूर्ण मान्य. आणि सॉर्बीलाही हे कळत होतं. १८७६ साली त्याने स्वतःच्या अनुभवावरून लिहिलं, की संशोधन करणाऱ्याला शिकवणं, परीक्षा, पोटापाण्याची कामं यांतून मोकळीक मिळाली पाहिजे. आपल्याला जे जन्माने मिळालं ते इतरांना व्यवस्थेने मिळावं असं त्याला वाटत होतं. शेफील्डच्या फर्थ कॉलेजचा तो १८८२ पासून पंधरा वर्षं अध्यक्ष होता. पुढे त्यातूनच १९०५ साली शेफील्ड विद्यापीठ झालं. मृत्युपत्रात त्याने तिथे भूशास्त्राच्या अध्यासनासाठी आणि संशोधकाच्या शिष्यवृत्तीसाठी पैसे ठेवले. ९ मार्च १९०८ ला तो गेला. गाळ कसा बसतो, त्याचा दगड कसा होतो, यावरचा त्याचा शेवटचा मोठा निबंधही त्याच वर्षीचा.

पण सांडशींच्या आजोबांबद्दल तुम्ही म्हणता ते तसंच उरतं. शेफील्डच्या भट्ट्यांवरच्या ज्या माणसांनी सॉर्बीसाठी पोलाद वितळवलं, त्यांची नावंही कुठे नाहीत.

गारगोटी

एक भर. ऑसमाँडने पोलादातल्या एका बारीक रचनेला सॉर्बीच्या नावावरून 'सॉर्बाइट' म्हटलं. मार्टेन्सवरून मार्टेन्साइट, रॉबर्ट्स-ऑस्टेनवरून ऑस्टेनाइट, तसंच. पण आता हा शब्द ऐकू येत नाही म्हणतात?

नायटल

पुस्तकांतून जवळपास गेलाय. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर कळलं, की सॉर्बाइट म्हणत होते ते कधी अगदी बारीक पर्लाइट असतं, कधी टेम्पर केलेलं, म्हणजे पाणी पाजल्यावर परत थोडं तापवलेलं, मार्टेन्साइट. साध्या भिंगाला फरक कळत नव्हता. आमच्या सरांच्या पिढीतले लोक अजून बोलताना म्हणतात.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष

मॅडम, मी कोल्हापूरला डिप्लोमा करतोय. प्रोजेक्टला ०.८ टक्के कार्बनचा गोल बार घेतलाय, नॉर्मलाइज केलेला, म्हणजे तापवून हवेत थंड केलेला. पर्लाइटचे पदर दिसायला पाहिजेत, पण मला नुसते काळे ढग दिसतात. चार वेळा केलं. सर म्हणतात मायक्रोस्कोप जुना आहे, जाऊ दे.

नायटल

मायक्रोस्कोप ४०० पट दाखवत असेल तर पुरे. दोन गोष्टी असतील.

एक, एचिंग, म्हणजे आम्लाने खाणं, जास्त होतंय. काळे ढग म्हणजे आम्लाने पदर खाऊन कडा उडवल्या. नायटल दोन टक्क्यांचंच घे. पाच सेकंद मोज, चकाकी किंचित धुरकटली की लगेच वाहत्या पाण्याखाली, मग अल्कोहोल, मग गरम हवा. कमी वाटलं तर परत दोन सेकंद. जास्त झालं तर मागे येता येत नाही, परत पॉलिश.

दोन, घासणं. २२०, ४००, ६००, ८००, १००० असे कागद. प्रत्येक कागदाला सॅम्पल नव्वद अंशात फिरव आणि आधीचा प्रत्येक आडवा ओरखडा जाईपर्यंत पुढे जाऊ नकोस. मग त्याच्यावर तेवढाच वेळ आणखी, कारण ओरखडा गेला तरी त्याच्याखालचा पसरलेला थर असतोच. कागद बदलताना सॅम्पल आणि हात दोन्ही धू. शेवटी मखमलीवर अल्युमिना, हलक्या हाताने. मग एच कर, परत मखमलीवर पुसून काढ, परत एच कर. असं दोन-तीनदा. प्रत्येक वेळी आम्ल थोडा थोडा खोटा थर नेतं.

आणि नॉर्मलाइज केलेल्यात पदर बारीक असतात. त्याच बारचा एक तुकडा भट्टीतच रात्रभर थंड होऊ दे. त्यात पदर जाड येतील, तो आधी बघ. डोळ्याला सवय झाली की मग दुसरा.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष

मॅडम, दिसले!!

भट्टीत थंड केलेला तुकडा घेतला. तीनदा एच-पॉलिश केलं, दुपारचे तीन तास गेले. आधी परत ढगच होते, मग फोकस अगदी सावकाश फिरवला तर एका ढगात रेघा आल्या. बोटांच्या ठशासारख्या. शेजारच्या ढगात रेघांची दिशा वेगळी, तिसऱ्यात वेगळीच. सरांना बोलावलं, ते खूप वेळ डोळा लावून बसले होते. आमच्या बॅचमधल्या सगळ्यांनी रांगेने बघितलं. मोबाइल आयपीसला लावून फोटो काढलाय, पण नुसत्या डोळ्यांना दिसतं तसा येत नाही.

नायटल

बोटांच्या ठशासारखं, अगदी बरोबर पाहिलंस. पर्लाइटच्या प्रत्येक वसाहतीत पदरांची दिशा वेगळी असते.

आता ते सॅम्पल उघडं ठेवू नकोस, पावसाळी हवेत रात्रीत गंज चढेल. अल्कोहोलने धू, वाळव आणि सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेव. वर खडूने नको, मागच्या बाजूला कोरून नंबर आणि तारीख घाल. सॉर्बीचे नमुने काचेवर कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकाखाली बंद होते म्हणून वीस वर्षांनी परत भिंगाखाली धरता आले. नॉर्मलाइज केलेला तुकडा केलास की इथेच लिही, मी वाट बघते.